प्रागमध्ये युरो बदलताना झालेली फसवणूक

युरोपची सहल आखताना आपल्याकडची बहुतेक कुटुंबे अनेक युरोपीय देशांत चालणारा एकच शेंगेन व्हिसा काढतात आणि सोबत फक्त युरो घेऊन निघतात. झेक प्रजासत्ताक २००४ साली युरोपीय संघात आणि २००७ च्या अखेरीस शेंगेन क्षेत्रात दाखल झाले असले, तरी तेथे युरो हे चलन लागू झालेले नाही. व्यवहार कोरुनामध्येच होतात. त्यामुळे व्हिएन्नाहून चार-एक तासांच्या रेल्वेप्रवासाने झेक राजधानी प्रागला उतरणाऱ्या भारतीय प्रवाशाच्या खिशात युरो भरपूर असतात आणि कोरुना एकही नसतो. जुन्या शहरातील काही चलन-बदल दुकानांचा सगळा धंदा या अडचणीवरच चालतो, आणि आमचे पैसे तेथेच गेले.

प्राग पाहू नये, असे मी कोणालाही सांगणार नाही. सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ साली पायाभरणी केलेला दगडी पूल, १४१० पासूनचे खगोलीय घड्याळ, व्ल्तावा नदीपलीकडच्या टेकडीवरील किल्ला, हे सारे अगदी डोळे भरून पाहण्यासारखे आहे. मात्र दर तासाला ज्या घड्याळासमोर शेकडो माणसे माना वर करून उभी असतात, त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत पैसे बदलण्यापूर्वी पुढील मजकूर अवश्य वाचावा.

माझ्यासोबत पत्नी आणि सासरे होते. सासऱ्यांना पुलावरच्या एका चित्रकाराकडून जलरंगातील एक चित्र घ्यायचे होते आणि त्याला रोख रक्कमच हवी होती, म्हणून आम्ही चौकालगतच्या एका दुकानात शिरलो. दर्शनी काचेवर ‘शून्य टक्के कमिशन’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते आणि त्याखालच्या दिव्यांच्या फलकावर युरोच्या चिन्हापुढे पंचविसाच्या वरचा आकडा ठळक चमकत होता. तो दर ते दुकान ग्राहकाला युरो विकते तेव्हाचा होता. ग्राहकाकडून युरो विकत घेण्याचा दर त्याच फलकाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होता, आणि तो होता १६. पत्नीने खिडकीतल्या माणसाला इंग्रजीत स्पष्ट विचारले, “कमिशन किती?” तो म्हणाला, “अजिबात नाही.” त्याने २०० युरो घेतले, पावतीवर सही घेतली आणि ३,२०० कोरुना मोजून समोर सरकवले.

बाहेर येताच पत्नीने हिशेब केला. त्या दिवशी बाजारात एका युरोला सुमारे २५ कोरुना मिळत होते, म्हणजे हातात ५,००० च्या आसपास रक्कम यायला हवी होती. १,८०० कोरुना, अर्थात जवळजवळ ७२ युरो, दोन मिनिटांत गेले होते. आम्ही लगेच मागे फिरलो आणि पैसे परत मागितले. त्या माणसाने पावतीवरील सहीवर बोट ठेवले आणि सांगितले की सही झाल्यानंतर व्यवहार रद्द होत नाही, तसा कायदाच आहे. सासऱ्यांनी वयाचा मान राखून बोल, असे त्याला हिंदीतच सुनावले. पण त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

कमिशन नाही, हे त्याचे उत्तर एक वेळ खरे धरता येईल. कायद्याबद्दलचे त्याचे विधान मात्र धादांत खोटे होते. झेक कायद्यात १ एप्रिल २०१९ पासून अशी तरतूद आहे की १,००० युरोपर्यंतच्या रकमेचा चलन-बदल ग्राहकाला तीन तासांच्या आत, कोणतेही कारण न देता आणि कोणतेही शुल्क न भरता, रद्द करता येतो. हे आम्हाला कळले ते रात्री, मुक्कामाच्या ठिकाणी स्वागतकक्षातल्या तरुणीने पावती पाहून सांगितले तेव्हा. आणि तोवर मुदत कधीच उलटून गेली होती. मला सर्वाधिक संताप आला तो याचा, कारण आम्ही परत गेलो तेव्हा त्या माणसाला हा नियम नक्की ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी कोल्हापूरचे एक वयस्क जोडपे भेटले. त्यांना एटीएमजवळ एका सभ्य दिसणाऱ्या इसमाने गाठून दुकानापेक्षा चांगला दर देऊ केला होता आणि हातात नोटांची जाड गड्डी ठेवली होती. काकांनी ती आम्हाला दाखवली. त्या बेलारूसच्या जुन्या रुबलच्या नोटा होत्या, ज्या त्या देशाने २०१६ साली दहा हजारास एक या प्रमाणात बदलून चलनातून काढून टाकल्या आहेत. अशा नोटा ओळखणे कठीण नाही. झेक नोटेवर व्यक्तीचा चेहरा असतो, शंभराच्या नोटेवर तर चौथा चार्ल्सच आहे, आणि मजकूर रोमन लिपीत असतो. काकांच्या हातातील नोटांवर इमारतींची चित्रे आणि रशियनसारखी सिरिलिक अक्षरे होती. रस्त्यावर पैसे बदलून देणाऱ्याशी बोलायलाही थांबू नये, दर कितीही चांगला असो.

खरे तर प्रागमध्ये रोख रकमेची गरज फारच कमी पडते. हॉटेले आणि दुकानेच काय, ट्राममधले तिकीटसुद्धा कार्डाने काढता येते. मात्र कार्ड वापरताना यंत्र ‘रक्कम रुपयांत किंवा युरोत आकारू का?’ असे विचारते, तेव्हा नकार देऊन कोरुनाच निवडावे. कारण तो रूपांतराचा दर यंत्र चालवणारा ठरवतो आणि तो ग्राहकाच्या तोट्याचा असतो. पर्यटकांच्या गर्दीत उभ्या असलेल्या खासगी एटीएमपेक्षा एखाद्या बँकेच्या शाखेतील एटीएम शोधावे.

तरीही नोटा बदलायच्याच असतील, तर पैसे खिडकीतून आत देण्याआधी “माझ्या १०० युरोंचे मला नेमके किती कोरुना मिळतील?” एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर कागदावर लिहून मागावे. पावती घेतल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नये आणि हिशेब तेथेच उभे राहून करावा. दुकानदार रद्द करण्यास नकार देऊ लागला, तर २०१९ च्या नियमाचा आणि झेक नॅशनल बँकेचा स्पष्ट उल्लेख करावा, कारण या दुकानांवर देखरेख त्याच बँकेची असते आणि तक्रारही तिच्याकडेच करता येते. आम्ही पावतीची प्रत जोडून तशी लेखी तक्रार केली आहे.