मानसिक संकटाच्या कॉलला कोण जाणार : प्रशिक्षित पोलीस, संयुक्त पथक की बिनपोलिसांचं पथक?

या तीन पद्धतींतून निवड करायची असेल, तर आधी नियंत्रण कक्षाच्या मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी काढा. असे कॉल कोणत्या वेळी येतात आणि त्यांतल्या किती कॉलमध्ये हत्यार होतं, हे कळल्याशिवाय गाडी घेऊ नका.

सर्वांत स्वस्त पद्धत अमेरिकेतल्या मेम्फिसची. 1987 मध्ये तिथे मानसिक आजार असलेला एक तरुण पोलिसांच्या गोळीबारात मेला. 1988 पासून स्वतःहून पुढे येणाऱ्या गस्ती पोलिसांना 40 तासांचं प्रशिक्षण मिळू लागलं. हे पोलीस आधीच रस्त्यावर असतात, म्हणून लवकर पोचतात. नक्कल करणारी शहरं बहुधा प्रशिक्षण तेवढं उचलतात. फोन घेणाऱ्याला शिकवत नाहीत, मग योग्य पोलीस निघतच नाही. आणि आणलेल्या माणसाला परत न पाठवता, पोलिसाला पटकन मोकळं करणारं ठरलेलं रुग्णालयही नसतं.

संयुक्त पथकात पोलीस आणि मनोविकार परिचारिका किंवा समुपदेशक एकाच गाडीत असतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरची ‘कार 87’ 1978 पासूनची, लॉस एंजेलिसची पथकं 1993 पासूनची. इंग्लंडमध्ये असे प्रयोग 2013 पासून सरकारी पैशातून पसरले. खरा फायदा दारातल्या निर्णयाचा. जुने उपचार, चालू औषधं, आधीचे आत्महत्येचे प्रयत्न पाहून परिचारिका ठरवू शकते की आज घरीच राहू द्यायचं आणि उद्या सकाळी डॉक्टरांकडे न्यायचं. एकटा पोलीस तो धोका पत्करत नाही, रुग्णालयातच नेतो. त्यासाठी क्रम पाळावा लागतो : पोलीस आधी आत जाऊन चाकू, गॅस, गच्ची पाहतो, मग तो मागे सरकतो आणि बोलणं एकाच माणसाकडे राहतं. दोघंही बोलू लागले की समोरचा बिथरतो. परिचारिकेने पोलिसाला सुरक्षिततेपुरतंच सांगावं. निदानाची फाईल त्याच्या हातात जाऊ नये.

ही पद्धत फसते ती मनुष्यबळावर. आठवड्याचे तास 168. एका माणसाच्या नोकरीच्या 40 तासांनी भागले तर गाडीतली एक जागा चोवीस तास भरायला 4.2 माणसं, रजा धरून पाचच्या वर. म्हणून बहुतेक शहरांत एक गाडी दुपार ते मध्यरात्र चालते, आणि तीही शहराच्या दुसऱ्या टोकाला असते. तिला पहिली गाडी समजू नये. आधी गस्त पोचेल, जागा सुरक्षित करेल, मग पथक येईल, असंच बांधावं. (आपल्याकडे असं पथक काढलं, तर त्यातला पोलीस पहिल्याच गणपतीत बंदोबस्ताला जाईल, हेही गृहीत धरा.)

बिनपोलिसांचं पथक अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या यूजीन शहराने 1989 मध्ये सुरू केलं : एक वैद्यकीय कर्मचारी, एक संकट-कार्यकर्ता. डेन्व्हरने 2020 मध्ये तशीच व्हॅन काढली. हत्यार नाही, गुन्हा नाही अशा कॉलसाठी हे उत्तम. पण कोणाला सक्तीने नेता येत नाही, आणि पैसा आटला की काय होतं ते यूजीननेच दाखवलं. 2025 च्या एप्रिलमध्ये तिथली ही सेवा थांबली.

महाराष्ट्रात पोलिसाला पूर्ण वगळता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 100 नुसार अशा आजारी व्यक्तीला संरक्षणात घ्यायचं काम पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं. शक्य तितक्या लवकर, फार तर 24 तासांत, त्या व्यक्तीला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यावं लागतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. व्यक्ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोधही घ्यावा लागतो.

त्यामुळे जिल्ह्याला आमचा कौल : निवडक पोलिसांना प्रशिक्षण, त्यांना फोनवर उपलब्ध असलेली मनोविकार परिचारिका, आणि संयुक्त गाडी फक्त मोठ्या शहरात, गर्दीच्या आठ तासांसाठी. 14416 ही टेलि-मानस, म्हणजे सरकारची फोनवरची मानसिक आरोग्य सेवा, चोवीस तास आहे, पण ती घरी माणूस पाठवत नाही. सुरुवात करण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयाकडून लेखी घ्या : रात्री दोन वाजता रुग्णाला कोण तपासणार, आणि सोबत आलेल्या पोलिसाला किती वेळात सोडणार.