सात महिने, एक पंप आणि नखाएवढी झडप

ब्रेस्ट पंपचा हा रिव्ह्यू मी पहिल्यांदा लिहायला घेतला तेव्हा एक स्टार द्यायचा हे ठरवूनच बसले होते. मोटर, बॅटरी, लेव्हल हे सगळं खोक्यावर छापलेलंच आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते झडपेबद्दल. छातीला लावायच्या फनेलच्या खाली बसते ती, बदकाच्या चोचीसारखी, सिलिकॉनची, अंगठ्याच्या नखाहून जराशी मोठी.

बाळ पाच महिन्यांचं होतं आणि मी नुकतीच कामावर रुजू झाले होते. सकाळच्या पहिल्या पंपिंगला दोन्ही बाजू मिळून 120 मिली यायचं, अगदी ठरल्यासारखं. आठवड्याभरात त्याचे 90 झाले, मग 60. मशीन नेहमीसारखंच घरघरत होतं, त्यामुळे मशीनवर संशय घ्यावा हे डोक्यातच आलं नाही. संशय घेतला तो स्वतःवर. ‘दूध आटलं वाटतं’ हे वाक्य तर घरात कोणाच्या ना कोणाच्या ओठांवर तयारच असतं.

मग मी काय केलं? सक्शन पाचवरून थेट नऊवर नेलं आणि पंधरा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं बसू लागले. दूध तेवढंच आलं, बोंडं मात्र सोलवटून निघाली. चौथ्या दिवशी डावीकडे गाठ आली. ती गरम पाण्याने शेकली, आईने सांगितलं म्हणून जोर लावून चोळली. दुसऱ्या दिवशी ती जागा लालभडक.

सर्व्हिसला तीन फोन केले. पहिल्यात बिलाचा फोटो मागितला, दुसऱ्यात मोटर चालू असल्याचा व्हिडिओ. तिसऱ्यात तो माणूस म्हणाला, “मॅडम, मोटर ओके आहे. कधी कधी दूधच कमी होतं.” हे त्याने इतक्या समजूतदारपणे सांगितलं की मी सॉरी म्हणून फोन ठेवला. मी! सॉरी!

शेवटी स्तनपान सल्लागार बाईंकडे गेले. त्यांनी आधी पंपाकडे पाहिलंसुद्धा नाही. चोवीस तासांत किती लंगोट ओले होतात, वजन कसं वाढतंय, एवढंच विचारलं. लंगोट सहाच्या वर, वजनही व्यवस्थित. “मग बाळाला मिळतंय. बाटलीत दिसतं ते पंपाचं माप, तुमचं नाही.” हे वाक्य कोणी मला पहिल्याच महिन्यात ऐकवायला हवं होतं. छातीला नीट लागलेलं बाळ कुठल्याही मोटरपेक्षा चांगलं दूध ओढतं.

मग त्यांनी झडप काढली आणि उजेडात धरली. चोचीची चीर मिटतच नव्हती. रोजच्या धुण्याने आणि बाटलीच्या ब्रशने ती फाटली होती, म्हणून ओढच तयार होत नव्हती. नवीन झडप बसवली आणि दुसऱ्या सकाळी 110 मिली! नऊ दिवस मी स्वतःला कोसत होते ते या एवढ्याशा चिरेपायी. मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात लिहिलंय की रोज वापर असेल तर दर दोन महिन्यांनी झडप बदलावी. वॉरंटी मोटरला आहे, सिलिकॉनच्या भागांना नाही. आणि खोक्यात जादा झडप एकही नाही. एवढं महागडं मशीन विकताना दोन जादा टाकायला काय जात होतं?

गाठीवरून मात्र बाईंची बोलणी खाल्ली. चोळल्याने आतली सूज वाढते. ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संघटनेने 2022 मध्येच आपला सल्ला बदललाय: जोरात मालिश नको, थंड शेक घ्या, बाळाला नेहमीसारखं पाजत राहा. ‘पूर्ण रिकामं करते’ म्हणून जास्तीचं पंपिंगही करायचं नाही, कारण जास्त काढलं की शरीर जास्त बनवतं आणि त्रास वाढतो. ताप येऊन अंग मोडून आलं आणि 24 तासांत उतार पडला नाही तर डॉक्टर गाठायचा. माझी गाठ तीन दिवसांत विरली.

त्या नऊ दिवसांत फ्रीझरमधला साठा काढावा लागला. वितळवलेल्या दुधाला साबणासारखा वास आला म्हणून दोन पिशव्या बेसिनमध्ये ओतल्या. नंतर कळलं की दुधातल्या लायपेज या चरबी पचवणाऱ्या एन्झाइममुळे तसा वास येतो, दूध खराब झालेलं नसतं. त्या दोन पिशव्यांचं दुःख मला गाठीपेक्षा जास्त आहे. खोलीत 4 तास, फ्रीजमध्ये 4 दिवस एवढं पाठ होतं, वासाचं कोणी सांगितलंच नव्हतं.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि मग दीड महिना राहूनच गेलं. मधल्या काळात मत बदललं, तेही लिहायला हवं. सक्शनच्या नावाने मी जे ओरडत होते त्यातला अर्धा दोष फनेलचा निघाला. खोक्यात 24 आणि 28 मिमीची फनेलं येतात. मोजलं तर माझं बोंड 17 मिमी. म्हणजे 24 मध्ये भोवतालची त्वचाही आत ओढली जात होती, दुखणार नाही तर काय! आत बसवायची 19 ची सिलिकॉनची रिंग घेतली. आता लेव्हल चारवर काम भागतं, दुखत नाही, आणि दूध वीस मिनिटांच्या आत येतं. सगळ्यांची मापं दोनच असतात असं कंपनीने कसं गृहीत धरलं, देव जाणे.

आणि एक उपकार विसरायला नको. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली होती, बाळाला तोंडात धरताच येत नव्हतं. तेव्हा याच पंपाने दोनच मिनिटं, नरम पडेल एवढंच दूध काढलं आणि बाळ लागलं. त्या रात्री मी या यंत्राला दहा स्टार दिले असते.

तर आता चार स्टार. कापलेला एक झडपेचा. मागच्या आठवड्यात सर्व्हिसचा मेल आला: सदोष भाग पाठवा, तपासून निर्णय कळवू, कुरिअरचा खर्च ग्राहकाचा. झडपेपेक्षा कुरिअर महाग आहे. फाटकी झडप मी फ्रीजच्या दारावर चिकटपट्टीने लावून ठेवलीय, आणि खाली पेनाने पुढची झडप बदलायची तारीख.