मानमोडीची शंका आली: स्ट्रिप फोडावी की प्रयोगशाळा गाठावी?

एखादी कोंबडी मान वाकडी करून जागच्या जागी फिरायला लागली, हिरवं हगायला लागली, की राणीखेतचं, म्हणजेच मानमोडीचं, नाव कुणी शिकवावं लागत नाही. प्रश्न पुढचा असतो. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात चारशेच्या आसपास अंड्यांच्या कोंबड्या आणि अंगणात थोड्या गावठी पाळतो. दोन्ही वाटा तुडवून झाल्यात.

घरच्या घरी विषाणू तपासायच्या स्ट्रिपची सोय नाकारण्यात अर्थ नाही. घशातून काडी फिरवली, द्रावणात घोळली, थेंब टाकले, पंधरा मिनिटांत उत्तर. रात्र असो, मुसळधार पाऊस असो, कुणाच्या पाया पडायला नको.

माझं मन फिरलं ते गणेश चवथीनंतरच्या आठवड्यात. श्रावण आणि चवथ उरकली की गावठी कोंबड्यांना कशी मागणी येते, ते गोव्यात सांगायला नको. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी पाण्यातून राणीखेतची लासोटा लस दिली होती. तीन पक्षी शिंकायला लागले, म्हणून स्ट्रिप लावली. सीची, म्हणजे स्ट्रिप नीट चालल्याची, रेघ ठसठशीत. टीची, म्हणजे विषाणू सापडल्याची, मात्र, आहे म्हटलं तर आहे. बायकोने बल्बखाली धरून सांगितलं, "दिसते." मुलगा मोबाइलच्या उजेडात तिरकी करून म्हणाला, "कुठे?" सकाळी ती स्पष्ट दिसत होती, पण वेळ उलटल्यावर वाचू नये असं खोक्यावरच छापलेलं! आठ दिवस विक्री बंद ठेवली, नेहमीची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली आणि एकही पक्षी मेला नाही.

डॉक्टर नंतर हसले. लासोटा जिवंत लस आहे, तिचा विषाणू काही दिवस पक्ष्याच्या घशात आणि विष्ठेत सापडतो. स्ट्रिपला विषाणू राणीखेतचा आहे एवढंच कळतं, तो लशीचा की बाहेरून आलेला, हे नाही. प्रयोगशाळेत पीसीआर (विषाणूच्या जनुकांच्या असंख्य प्रती काढून तो शोधायची चाचणी) करून त्याच्या एफ जनुकाचा नेमका भाग वाचला, तर मारक जात वेगळी काढता येते. शिवाय पीसीआरला अगदी थोडा विषाणू पुरतो. स्ट्रिपला बराच लागतो, म्हणून तिच्या 'नाही'वर मी तरी विसंबत नाही.

प्रयोगशाळेचा त्रास कमी नाही. थर्माकोलचा डबा, वाटेत वितळणारा बर्फ, शनिवार-रविवार आड आले तर आणखी खोळंबा. निकाल येईपर्यंत मरतूक थांबत नाही, हे खरं. पण मानमोडीवर औषध तरी कुठे आहे? शंका आली त्याच क्षणी आजारी पक्षी वेगळे काढायचे, विक्री थांबवायची, तूस-भांडी शेडबाहेर जाऊ द्यायची नाहीत, आणि उरलेल्यांच्या लशीचं डॉक्टरांना विचारायचं. पंधरा मिनिटांत कळलं काय नि चार दिवसांनी, तोवरचं काम तेच.

एक गोष्ट मात्र वादापलीकडची. पक्षी धडाधड मरत असतील तर स्ट्रिपशी खेळत बसू नका, मेलेला पक्षी उघडून बघू नका, सरकारी पशुवैद्याला कळवा. बर्ड फ्लूही सुरुवातीला असाच दिसतो. 2006 मध्ये नवापूरला तो देशात पहिल्यांदा सापडला. त्याची खात्री भोपाळच्या प्रयोगशाळेतच होते. राणीखेत आणि बर्ड फ्लू दोन्ही जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या 2009 च्या कायद्याच्या यादीत आहेत, तेव्हा कळवणं ही मेहेरबानी नव्हे.

ज्यांचे हजारो ब्रॉयलर चाळिसाव्या दिवशी गाडीत चढतात, त्यांचा हिशेब वेगळा असू शकतो. कधीच लस न दिलेल्या गावठी कोंबड्यांतही स्ट्रिपची ठळक रेघ बरंच काही सांगून जाते, म्हणून दोन स्ट्रिप अजून फ्रीजच्या दारात पडून आहेत. गेल्या पावसाळ्यात पुन्हा एक मान वळली, तेव्हा माझा हात त्यांच्याकडे गेला होता. मग माळ्यावरून थर्माकोलचा डबा काढला.