मिसेनचा डोंगर: रोपवेने जावे की दाइशोइनच्या पायऱ्यांनी?

हिरोशिमाहून मियाजिमा बेटावर एका दिवसात जाऊन यायचे ठरवले, की समुद्रातले इत्सुकुशिमाचे देऊळ आणि त्यामागचा मिसेन डोंगर या दोहोंना त्याच दिवसात बसवावे लागते. बेटावर कसे पोहोचायचे, बोटीला किती वेळ लागतो, हरणे कशी वागतात, हे सर्व बहुतेकांनी आधीच वाचलेले असते, त्यामुळे त्यात मी शिरत नाही. खरा निर्णय घ्यावा लागतो तो ५३५ मीटर उंचीच्या या डोंगरावर रोपवेने जावे की पायी, याचा. मी दोन्ही प्रकारे गेलो आहे आणि माझे मत एका बाजूला झुकलेले आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. मात्र दुसरी बाजू निवडणाऱ्यांनी काही गमावले, असे मी म्हणणार नाही.

आधी एक गैरसमज दूर करावा लागेल. रोपवे शिखरापर्यंत जात नाही. वरचे स्थानक शिशिइवा येथे आहे आणि तेथून शिखर सुमारे एक किलोमीटर दूर आहे. वाट आधी उतरते, मग पायऱ्यांनी चढते आणि साधारण अर्धा तास घेते. परत येताना तो उतार चढ होऊन समोर उभा राहतो. घरातील वयस्कर मंडळींना ‘बसून वर जायचे आहे’ असे सांगून नेणाऱ्याला शिशिइवाला पोहोचल्यावर बरीच सारवासारव करावी लागते. शिशिइवाजवळून दिसणारी सेतो समुद्रातली बेटे आणि कालवांच्या शेतीचे तराफे पाहून समाधान होणार असेल, तर मात्र रोपवेला तोड नाही. तेवढे पाहून निवांतपणे खाली येणारे कितीतरी लोक तेथे दिसतात आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

रोपवेच्या बाजूने आणखीही सांगण्यासारखे आहे. खालच्या मोमिजिदानी स्थानकापासून मधल्या कायातानीपर्यंतचा पहिला टप्पा लहान डब्यांचा असून ते एकामागून एक येत राहतात. कायातानीला उतरून मोठ्या डब्यात बसावे लागते आणि तो काही मिनिटांत शिशिइवाला पोहोचवतो. १९९६ साली इत्सुकुशिमाचे देऊळ जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा देवळाबरोबर मिसेनचे मूळ अरण्यही त्यात धरले गेले. ते अरण्य वरून कसे दिसते, झाडांचे शेंडे एकमेकांत कसे मिसळले आहेत, हे पायी जाणाऱ्याला कळत नाही. लहान डब्याच्या काचेतून ते उत्तम कळते. जाण्यायेण्याचे मिळून सुमारे दोन हजार येन पडतात. जपानमधल्या खर्चांच्या मानाने ही रक्कम फार नाही आणि चढणीचा तासाभराचा तरी वेळ वाचतो. ढोबळ हिशेबाने पाहिले तर एका दिवसाच्या प्रवाशाने रोपवेच घ्यावा, असेच कोणीही म्हणेल.

पायी जाण्याचे तीन मार्ग आहेत: मोमिजिदानीचा, पायथ्याच्या दाइशोइन मठाजवळून जाणारा आणि ओमोतोचा. त्यांपैकी मी येथे मुख्यतः दाइशोइनच्या वाटेचा विचार करतो आहे, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला ती सर्वांत जास्त देते. अंतर सुमारे तीन किलोमीटर, दगडी पायऱ्या दोन हजारांहून अधिक, वेळ दीड ते दोन तास. सुरुवातच समुद्रसपाटीवरून होत असल्याने जेवढी उंची कागदावर आहे तेवढी सगळी चढावी लागते. पायथ्यापासून सिंहगड चढताना जो दमतो पण मध्येच परत फिरत नाही, त्याला मिसेन निश्चित जमेल. फरक एवढाच की येथे मातीची वाट थोडी आणि पायऱ्या फार, आणि त्या पायऱ्यांची उंची एकसारखी नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना काळ्या कातळाची सवय असते. येथील दगड ग्रॅनाइटचा आहे, झिजून त्याची भरड वाळू होते आणि पावसानंतर ती पायऱ्यांवर पसरते, म्हणून तळ घासलेले बूट घालून जाऊ नये.

ही वाट ज्या शिराइतो ओढ्याच्या काठाने चढते, त्या ओढ्यातून २००५ सालच्या वादळात दगडमातीचा मोठा लोंढा खाली आला होता. त्यानंतर बांधलेले अडथळे वाटेच्या सुरुवातीलाच दिसतात आणि हा डोंगर वाटतो तितका स्थिर नाही, याची जाणीव देतात. थोडे वर गेल्यावर जुन्या सातोमी चहाघराची जागा लागते. तेथून मागे वळून पाहिले की देवळाची छपरे, त्यांच्या पुढ्यातले पाणी आणि पाण्यातले महाद्वार एका दृष्टिक्षेपात येतात. रोपवेच्या मार्गावरून मला हे दृश्य असे कोठेच मिळाले नाही. शिखरावरून समुद्र अफाट दिसतो, पण देऊळ डोंगराच्या पोटाआड राहते. देऊळ आणि डोंगर यांचा संबंध नजरेने समजून घ्यायचा असेल तर ती जागा पाहायलाच हवी, असे माझे मत आहे.

धार्मिक स्थळांच्या बाबतीत मात्र पायी जाणाऱ्याने फार मोठेपणा मिरवण्याचे कारण नाही. परंपरेनुसार बौद्ध भिक्षू कुकाई, म्हणजेच कोबो दाइशी, यांनी ८०६ साली मिसेनवर साधना केली आणि त्यांनी पेटवलेला अग्नी आजतागायत विझलेला नाही, असे मानतात. त्या अग्नीची रेइकादो वास्तू आणि समोरचे मिसेनचे मुख्य मंदिर शिशिइवाहून शिखराकडे जाणाऱ्या वाटेवरच आहेत, त्यामुळे रोपवेने आलेल्यांनाही ती लागतात. वास्तू २००५ मध्ये जळाली आणि नंतर पुन्हा उभारली गेली. आत धुराने काळवंडलेल्या छताखाली मोठी कढई मंद आचेवर असते आणि तिच्यातले पाणी भाविक श्रद्धेने पितात. हिरोशिमाच्या शांती उद्यानात १९६४ साली प्रज्वलित झालेल्या ज्योतीसाठी येथला अग्नीही नेला होता. आदल्या दिवशी शांती उद्यान पाहिलेल्या प्रवाशाला या धुरकट खोलीत थोडा अधिक वेळ थांबावेसे वाटेल.

पायी जाणाऱ्याला जास्तीचे मिळते ते दाइशोइन. हे शिंगोन या बौद्ध पंथाचे मठमंदिर वाटेच्या तोंडाशीच आहे. जिन्याच्या कठड्यात बसवलेली सूत्रांची धातूची चक्रे, टोप्या घातलेल्या शेकडो लहान मूर्ती आणि शिकोकू बेटाच्या ८८ मंदिरांच्या प्रतिमा ठेवलेली अंधारी गुहा, एवढ्यावरच अर्धा तास सहज जातो. रोपवेवाल्यांना हे पाहण्यासाठी वेगळी वाकडी वाट करावी लागते आणि बहुतेक जण ती करत नाहीत.

आतापर्यंतचा हिशेब मांडला तर पारडी जवळजवळ समान आहेत. निर्णय ज्या गोष्टीने झाला ती वेगळी आहे, आणि ती कोकणातल्या माणसाला लगेच पटेल, कारण तिचा संबंध भरती-ओहोटीशी आहे.

इत्सुकुशिमाचे महाद्वार तरंगल्यासारखे दिसावे यासाठी पाण्याची पातळी साधारण २५० सेंटिमीटरच्या वर असावी लागते आणि चालत त्याच्या खांबांपाशी जायचे असेल तर ती १०० सेंटिमीटरच्या खाली उतरावी लागते. ही दोन्ही रूपे एकाच दिवशी पाहायची तर अमावास्या-पौर्णिमेच्या जवळपासचे उधाणाचे दिवस निवडावेत. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत ना पुरती भरती मिळते ना पुरती ओहोटी. माझ्या अनुभवात या भागात उधाणाच्या दिवसांतली भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास असते आणि पाणी पूर्ण ओसरते ते दुपारी साडेतीन-चारनंतर. याचा अर्थ असा, की सकाळी भरतीत देऊळ पाहावे, मधल्या वेळात डोंगर करावा आणि ओहोटीला खाली हजर व्हावे, इतका सुरेख दिवस समुद्रानेच आखून दिलेला असतो. अट एकच: दुपारी वेळेवर खाली पोहोचता आले पाहिजे.

रोपवेचे आणि माझे बिनसले ते येथे. वर जाताना फारसे काही वाटत नाही, कारण सकाळी लोक वेगवेगळ्या बोटींनी, थोडे थोडे करून येतात. खाली उतरण्याची इच्छा मात्र सगळ्यांना एकाच वेळी होते. कायातानी ते शिशिइवा या टप्प्यावरचा मोठा डबा तीसेक माणसे घेतो आणि एरवी पाव तासाच्या अंतराने सुटतो. गर्दीच्या दिवशी फेऱ्या वाढवतात, क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात, सर्व काही जपानी शिस्तीत चालते आणि कोणी कोणाला ढकलत नाही. तरीही चिठ्ठी हातात धरून आपला क्रमांक येण्याची वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नाही. शिवाय कायातानीला उतरून पुन्हा एक रांग. शरद ऋतूतल्या सुटीच्या दिवशी मी वर असा उभा होतो आणि खाली समुद्र आपल्या वेळेनुसार ओसरत होता. मी महाद्वारापाशी पोहोचलो तेव्हा वाळूवर पुन्हा पाणी चढू लागले होते. यात दोष कोणाचाच नव्हता, यंत्रणेची क्षमताच तेवढी आहे. परंतु वर जाताना वाचवलेला तास उतरताना परत द्यावा लागतो, आणि तोही नेमका दिवसातल्या सर्वांत मोलाच्या वेळी, हे मला आवडले नाही. त्यात शेवटचा डबा चारसाडेचारच्या पुढेमागे सुटत असल्याने तीन वाजल्यापासून शिखरावरची माणसे घड्याळे पाहू लागतात. २०१३ साली नव्याने बांधलेल्या लाकडी निरीक्षणगृहात बसून बेटे पाहण्यासारखे दुसरे सुख त्या डोंगरावर नाही, आणि घड्याळ पाहत ते सुख घेता येत नाही.

पायी जाणाऱ्याला चढायला किती वेळ लागेल हे साधारण ठाऊक असते, उतरायला किती लागेल हेही ठाऊक असते आणि त्या हिशेबात अनोळखी दोनशे माणसांचा वाटा नसतो. शिखरावरून मोमिजिदानीच्या वाटेने मी तासाभरात खाली येतो. गुडघे जपत येणाऱ्याने दीड तास धरावा. ही वाट दाइशोइनपेक्षा थोडी लहान, अधिक झाडीतली आणि दृश्यांच्या बाबतीत कंजूष आहे, म्हणून ती चढण्याऐवजी उतरण्यासाठी राखून ठेवावी असे मला वाटते. तिच्या शेवटी एक गंमत आहे, जी रोपवेने आलेल्यांनाही पाहता येते, फक्त ती ओळखावी लागते. मोमिजिदानीचा ओढा जपानी बागेतल्यासारखा, जागोजागी मोठमोठे दगड मांडलेला दिसतो. तो खरोखर बाग म्हणून केलेला नाही. अणुबॉम्बनंतर दीड महिन्यातच, सप्टेंबर १९४५ मध्ये, माकुराझाकी वादळाने या ओढ्यातून दरड खाली आणून देवळाची हानी केली. पुढे १९४८ ते १९५० या काळात पुन्हा तसे होऊ नये म्हणून पाण्याचा वेग मोडणारे बांधकाम झाले आणि ते करताना तेथीलच दगड वापरून सिमेंट नजरेआड ठेवले गेले. धरणबंधाऱ्यांच्या कामात इतकी नजाकत मी अन्यत्र पाहिलेली नाही.

रोपवे कोणी घ्यावा, याचेही उत्तर द्यायला हवे. लहान मुले बरोबर असतील, गुडघ्यांचे दुखणे असेल किंवा जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्यात जायचे असेल, तर पायी चढण्याचा हट्ट धरू नये. तेथला उन्हाळा आपल्या मुंबईच्या ऑक्टोबरला लाजवणारा असतो. अशा वेळी बेटावर उतरल्या उतरल्या, देवळाच्याही आधी, रोपवे गाठावा आणि दुपारच्या जेवणापूर्वी खाली यावे, म्हणजे परतीची रांग बहुतांशी टळते. अर्थात मग भरतीच्या वेळेचे देऊळ हुकण्याची शक्यता राहते. वारा जोराचा असेल तर रोपवे बंद ठेवतात आणि तपासणीसाठीही तो अधूनमधून काही दिवस बंद असतो, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. रोपवेने वर जाऊन पायी उतरण्याचा मधला मार्ग बरेच जण सुचवतात. उतरतीची रांग त्याने टळते हे खरे, पण न चढलेल्या ताज्या पायांनीसुद्धा एवढ्या उंच पायऱ्या उतरणे गुडघ्यांना सोपे जात नाही आणि दाइशोइनची वाट त्यात सुटते. तरीही दोन टोकांपैकी एक निवडणे जड जात असेल तर हा पर्याय वाईट नाही.

पायी जाणाऱ्यांनी पाणी खालूनच भरून न्यावे, वाटेत दुकान नाही. शाकाहारी मंडळींनी डबाही न्यावा, कारण बेटावरचे जेवण मुख्यतः कालवे आणि आनागो माशाभोवती फिरते, आणि मोमिजी मांजू या प्रसिद्ध गोड पदार्थाच्या पिठात अंडे असते. मात्र डबा हरणांसमोर उघडू नये.

माझा क्रम असा असतो: उधाणाच्या दिवसांत नऊच्या आत बेटावर, भरतीत देऊळ, दहा-साडेदहाला दाइशोइन, एकच्या सुमारास शिखर, दोनला मोमिजिदानीच्या वाटेने उतरायला सुरुवात आणि चारला वाळूवर. वेळ उरला तर देवळाशेजारच्या दाइगानजी मंदिरात जावे. तेथे बेनझाइतेन, म्हणजे आपली सरस्वती, आहे आणि जपानच्या तीन प्रमुख बेनझाइतेनांमध्ये तिची गणना होते. ओहोटी पाचनंतर पडणार असेल तर हाच क्रम तासाभराने पुढे ढकलावा. परतीच्या बोटी रात्री दहापर्यंत असतात, त्यामुळे त्याने काही अडत नाही. रोपवेच्या वेळापत्रकात मात्र तो तास बसत नाही.