रत्नगिरी इस्टेटची कॉफी : वॉश्ड दाणे आधी घ्यावेत

कर्नाटकातल्या चिकमगळूरजवळच्या बाबाबुदनगिरीच्या डोंगरांत, सुमारे १,३०० मीटर उंचीवर असलेला रत्नगिरी इस्टेट हा पात्रे कुटुंबाचा कॉफीचा मळा १९२७ सालापासूनचा आहे. अशोक पात्रे यांनी त्याला स्पेशालिटी, म्हणजे निवडक उत्तम प्रतीच्या कॉफीच्या जगात नाव मिळवून दिले. (कोकणातल्या रत्नागिरीशी त्याचा संबंध नाही.) सूफी संत बाबा बुदन यांनी येमेनहून कॉफीच्या सात बिया आणून याच डोंगरांत लावल्या, अशी आख्यायिका आहे, मात्र या मळ्याची कॉफी घ्यावी ती तिथल्या आजच्या कामासाठी.

कोणतीही कॉफी मी उकळत्या पाण्याआधी ताटलीत पारखतो. दाणे पसरून त्यांतले फिकट, पिवळट दाणे शोधायचे. फळ कच्चे तोडले गेले असेल तर त्याचा दाणा भट्टीत इतरांसारखा रंग धरत नाही, आणि असे मोजके दाणेही कपात शेंगदाण्याच्या टरफलासारखी कोरडी चव उतरवतात. रत्नगिरीच्या वॉश्ड (गर धुऊन वाळवलेल्या) अरेबिका जातीच्या कॉफीच्या पाकिटात असे दाणे मला जवळजवळ सापडले नाहीत. झाडावरची सगळी फळे एका वेळी पिकत नसल्यामुळे मजुरांना त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा फिरून फक्त लाल झालेली फळे खुडावी लागतात, आणि प्रत्येक फेरीची मजुरी मळ्याला मोजावी लागते. पाकिटाच्या किमतीतला मोठा वाटा या खुडणीचा आहे, असे मी मानतो आणि तो आनंदाने देतो.

वॉश्ड पद्धतीत फळाची साल काढून, दाण्यावरचा चिकट गर आंबवून आणि धुऊन मग दाणा वाळवतात. त्यामुळे दाण्याची मूळ चव लपत नाही. दोष असेल तर तोही लपत नाही. या कॉफीत पहिल्या घोटाला संत्र्याच्या सालीचा मंद सुवास येतो, मग गुळाचा गोडवा येतो, आणि कप कोमट झाल्यावर तो गोडवा वाढतो. कडूपणा जिभेवर रेंगाळत नाही. सिल्व्हर ओकच्या उंच झाडांच्या सावलीत फळ सावकाश पिकते, त्याचा या गोडव्यात हात असावा. ती सावली कॉफीच्या झाडालाही हवी असते, कारण ऊन वाढले की अरेबिकाच्या खोडात पांढरी खोडकीड शिरते.

मळ्याचा जास्त बोलबाला आहे तो हवाबंद स्टीलच्या टाक्यांत फळे आंबवून काढलेल्या नॅचरल, म्हणजे साल न काढता फळासकट वाळवलेल्या कॉफीचा. तिचा वास पाकीट फोडताच घरभर पसरतो. पिकलेले अननस, मनुका, थोडी वाइन असा तो असतो. हे आंबवणे विलक्षण काटेकोर आहे, कारण थोडे पुढे गेले असते तर व्हिनेगरचा आंबूस वास आला असता आणि तो कुठेही येत नाही. तरीही रोजच्या सकाळसाठी मी ती सुचवणार नाही. दुसऱ्या कपाला तिचा वास जड होतो, आणि दूध घातले की फळाची चव व दूध एकमेकांशी जुळत नाहीत. पाहुण्यांना काही वेगळे द्यायचे असेल तर जरूर घ्यावी.

चिकोरी घातलेल्या फिल्टर पावडरीची सवय असलेल्यांना वॉश्ड कॉफीही प्रथम पातळ वाटेल. त्यांनी दुधाऐवजी आधी कोरी पिऊन पाहावी. १५ ग्रॅम मध्यम जाड दळलेली पूड आणि उकळी बसल्यावर अर्धा मिनिट थांबवलेले २४० मिलिलिटर पाणी, असे तीन मिनिटांत कागदी फिल्टरमधून गाळले की चव नीट उतरते. घरी दळण्याची सोय नसेल तर थोडीच घ्यावी, कारण दळलेल्या कॉफीचा संत्र्याचा सुवास काही दिवसांतच उडतो. हा माल वेगवेगळे रोस्टर भाजून विकतात, म्हणून मळ्याच्या नावाबरोबर भाजणीची तारीखही पाकिटावर पाहावी. ती नसेल तर ते पाकीट घेऊ नये.