९७–० ची गोष्ट आणि एक बंद दार

अमेरिकेत छोटी कॉलेजं एकत्र येऊन ‘कॉन्फरन्स’ करतात आणि सामने मुख्यतः आपापसांत खेळतात. मिनेसोटातली ‘एमआयएसी’ १९२० ची, ईशान्येकडची ‘नेस्कॅक’ १९७१ ची. दोन्ही डिव्हिजन तीनमधल्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या तीन पायऱ्यांपैकी सर्वांत खालच्या; तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही.

नवे सभासद घेण्यात नेस्कॅकचा हात पहिल्यापासून आखडता. अ‍ॅम्हर्स्ट, विल्यम्स यांसारखी कॉलेजं. आधी अभ्यास, मग मैदान. १९८२ मध्ये कनेक्टिकट कॉलेज आलं, सभासद पुन्हा अकरा झाले आणि दार बंद. नवी भर म्हणाल तर एवढीच.

एमआयएसीची कहाणी जास्त रंगतदार. सात संस्थापकांपैकी सेंट थॉमस विद्यार्थिसंख्येत बाकीच्यांच्या कितीतरी पुढे गेलं. २०१७ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात त्यांनी सेंट ओलाफला ९७–० असं धुतलं. हेही संस्थापकच, म्हणजे घरातलंच भावंड! २०१९ मध्ये कॉन्फरन्सने सेंट थॉमसला बाहेरचा रस्ता दाखवला. गंमत म्हणजे २०२१ मध्ये ते मधली पायरी गाळून थेट डिव्हिजन एकमध्ये पोचलं.

मला नेस्कॅकची शिस्त पटते, पण जीव रमतो एमआयएसीत. तिथे निदान भांडण तरी चव्हाट्यावर झालं.