हार्ट सर्जरीनंतरचं दुखणं: पॅरासिटामॉल, केटामाइन की प्रिगॅबालिन?

हृदयाच्या बहुतेक ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर तारेने बांधतात. त्यामुळे खोकला आला की कळ येणारच. पण काहींची जखमेभोवतीची धडधाकट कातडीही इतकी हुळहुळी होते की सदरा घासला तरी सहन होत नाही. मज्जारज्जूतल्या वेदनेच्या वाटा जास्तच जाग्या झाल्याचं हे लक्षण. ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीची तीव्र वेदनाशामक) औषधं, विशेषतः ऑपरेशनच्या वेळी दिलेला रेमिफेंटानिलचा मोठा डोस, हा हुळहुळेपणा वाढवू शकतात. म्हणून भूलतज्ज्ञाशी पर्यायांबद्दल आधीच बोलावं.

पॅरासिटामॉलला माझं पहिलं मत. हुळहुळेपणावर त्याचा थेट जोर नाही, पण ठरल्या वेळी देत राहिलं तर ओपिऑइड कमी लागतं. 60 वर्षांवरच्या 120 रुग्णांच्या 2019 मधल्या चाचणीत ते शिरेतून दिल्यावर ऑपरेशननंतरचा भ्रमही कमी दिसला. मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा. यकृत कमजोर किंवा वजन कमी असेल तर त्याहून कमी.

मुळावर घाव घालतं ते केटामाइन. मज्जारज्जूतले एनएमडीए रिसेप्टर (वेदनेचा संदेश पुढे नेणाऱ्या पेशींवरचे ग्राहक) अडवून ते वेदनेचा वाढलेला आवाज खाली आणतं, आणि छोट्या डोसमध्ये श्वास सहसा मंदावत नाही. मात्र नाडी आणि बीपी चढू शकतं, कुणाला भलतंसलतं दिसतं. आयसीयूतल्या नजरेखालीच द्यायचं औषध आहे हे. आधीपासून ओपिऑइड घेणाऱ्यांसाठी मी याचा विषय नक्की काढेन.

प्रिगॅबालिन, गॅबापेंटिन ही नसांच्या दुखण्यावरची औषधं गोळीत मिळतात, म्हणून सोपी वाटतात. पण गुंगी, चक्कर आणि ओपिऑइडसोबत श्वास मंदावण्याचा धोका आहेच. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर 2019 मध्ये तसा इशारा दिला. दोन्ही किडनीवाटे बाहेर पडतात. वय झालेल्या, किडनी थकलेल्या माणसाला मी तरी ही सुचवणार नाही.

डेक्समेडेटोमिडीन व्हेंटिलेटरवर शांत ठेवायला चांगलं, वेदनाही थोडी कमी करतं. नाडी-बीपी उतरतं, त्यामुळे ती आधीच मंद असेल तर नको.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक? बायपासच्या आसपास नाहीच. हार्ट अटॅक आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे त्यांच्यावर तसा ठळक इशारा आहे. घरी परतल्यावर कुणी प्रेमाने 'दुखण्याची गोळी' पुढे केली, तर आधी तिचं नाव वाचा.